नऊ फेब्रुवारी

हिऊमा बेटावरच्या या दोन खोल्यांच्या संग्रहालयात
अकरा वर्षं मी राखणीच्या खुर्चीत बसते आहे,
आणि समोरच्या चित्रातल्या खुर्चीत
अकरा वर्षं कुणीच बसलेलं नाही.

हेल्दूरने काढलंय ते. स्वयंपाकघर.
मेजावर एक कप, कान तुटलेला.
खिडकीत समुद्र नाही, नुसतं कोरं कापड;
निळा संपला असेल, किंवा हौस.
लोक म्हणतात, किती शांत!
मी म्हणते, दार बघा.
इतकं अरुंद काढलंय
की माणूस अंग चोरूनही बाहेर पडणार नाही.

शेजारी काचेखाली मिल्वीची कविता,
किराणाच्या वहीतलं पान:
‘दोन बटाटे उकडले.
एक खाल्ला.
दुसरा झाकून ठेवला.
झाकण उघडून पाहिलं.
वारा उत्तरेचा.’

बस्स. एकटेपणा हा शब्द
तिने कुठेही खर्चलेला नाही.
फक्त ‘उघडून’पाशी पेन्सिल अशी दाबलीय
की कागद फाटलाय.

मला वाटायचं, तो दर्यावर गेला असेल,
किंवा ती बहिणीकडे, पलीकडच्या किनाऱ्याला.
कुणीतरी कुणाची तरी वाट पाहतंय,
म्हणजे निखाऱ्यात अजून धुगधुगी आहे.

गेल्या हिवाळ्यात छत गळलं,
चित्र ताल्लिनला दुरुस्तीला गेलं.
चार महिने भिंतीवर फिकट चौकोन
आणि त्याच्या कडेला ते पान.
लोक तरीही थांबायचे. चौकोनाकडे बघायचे,
आवाज खाली आणायचे.

परत आलं, तेव्हा सोबत क्ष-किरणांचा फोटो:
रंगाखाली दुसरा कप.
कान शाबूत, वर वाफेची रेघ.
आधी काढला, मग बुजवला,
मेजाचा तपकिरी त्यावरून तीनदा फिरवला.
मागच्या लाकडावर तारीख, नऊ फेब्रुवारी.

मी वहीचं पान पाहिलं.
नऊ फेब्रुवारी. सालही तेच.

म्हणजे दोघं घरातच होती.
चुलीपासून चार पावलांवर तो तिला बुजवत होता,
ती त्याच्यासाठी बटाटा झाकत होती,
आणि मध्ये तो वारा.

मी आता खुर्ची जरा सरकवून घेतलीय.
इथून दोन्ही एकदम दिसत नाहीत.
एका वेळी एकच सोसतं.

पाचला दिवे मालवते, कुलूप लावते.
घरी एंडेल बातम्या बघत असतो.
‘जेवलास?’ मी दारातूनच विचारते,
बूटही न काढता,
आवाज जरा जास्तच चढतो.
तो दचकतो.