कोबीच्या कानांचा हत्ती

लँकेशरमधल्या रॉथनशॉ गावी, उतारावर,
अल्बियन हॉल उभा आहे, गटारीच्या बाजूला किंचित कललेला.
मी आले त्याचं छत तपासायला.
तडे मोजायचे, ओल कुठवर चढली ते लिहायचं,
आणि शेवटी एका ओळीत सांगायचं,
ठेवायचा की पाडायचा.

किल्ली मॉरीन एन्टविसलकडे. वय ब्याऐंशी.
पंधराव्या वर्षी ती इथं अंधारात
बॅटरी घेऊन आइस्क्रीम विकायची.
"आधी वर बघ," म्हणाली, "मग बाकीचं."

रंगमंचाच्या कमानीवर, बरोब्बर मधोमध,
प्लास्टरचा हत्ती, पाठीवर कापसाची गाठ.
घडवणाऱ्यानं हत्ती कधी पाहिला नव्हता,
म्हणून कान घेतले परसातल्या कोबीचे,
शिरांसकट,
अळीनं कुरतडलेल्या कडांसकट.
मी खामगावची. हसू आलं, ते दाबलं.
गाठ मात्र चोख बांधली होती त्यानं.
गाठी त्यानं रोज पाहिल्या असणार.

अठराशे एकोणसत्तर.
कामगारांनी आठवड्याला पेनी पेनी दिली,
दारावर नाव गिरणीमालकाचं लागलं.
पहिल्या रात्री दोनशे गायक, लंडनहून आणलेला ऑर्गन,
आणि वरच्या लाकडी बाकांवर विणकरणी,
मागांच्या खडखडाटानं कान गेलेल्या.
त्या गाणाऱ्यांचे ओठ वाचत होत्या.
मॉरीनची पणजी त्यांत होती.
घरी येऊन म्हणाली म्हणे, "तिसऱ्या रांगेतला जाड्या
शब्द विसरला होता. कुणाला कळलं नाही."

मग तोंडाला काजळी फासून
महाराजे झालेले नट आले.
मग त्याच फळ्यांवर भरतीचं टेबल,
तेव्हा सही करून गेलेली पोरं
आता बाहेरच्या दगडावर, आडनावांच्या क्रमानं.
मग सिनेमा. मग हाउजी.
मग सोलंकींच्या मुलीचं लग्न:
कुणीतरी नेम धरून झेंडू फेकला,
तो अजून आहे सोंडेच्या वळणात,
वाळून विडीच्या रंगाचा.

रंगमंचाखाली खोका सापडला.
जादूच्या कंदिलाच्या काचा, वर चिठ्ठी:
दख्खनचा दुष्काळ, चोवीस चित्रं, पियानोच्या साथीनं.
अठराशे सत्त्याहत्तर, जानेवारी.
जमा एकोणीस पौंड, चार शिलिंग.
त्यातले तेरा वरच्या बाकांवरून.
त्या बायांनी आमच्या कापसाला शिव्या घातल्या होत्या,
आखूड धागा, सारखा तुटतो, बोटं सोलतो म्हणून.
त्याच बोटांनी पेनी टाकली.
त्यांच्याही चुली एकदा विझल्या होत्या,
अमेरिकेतून कापूस थांबला तेव्हा.
याचं काय करायचं,
मला कळत नाही. मी काच पुसली.

एकोणिसावी. खाली शाईनं: नगर जिल्हा, पुरुष.
एवढंच नाव.
मॉरीननं ती खिडकीशी धरली,
चश्मा कपाळावर सारला.
"काहीतरी बोलतोय हा," म्हणाली.
"मला नाही वाचता येत. तुझ्याकडचा आहे, तू बघ."

मी बघितलं.
छाती स्पष्ट, एकेक बरगडी स्पष्ट,
हातातली काठी, तिची साल निघालेली, तीही.
फक्त तोंडाच्या जागी धुरकट डाग.
त्या काळी फोटोला वेळ लागायचा.
तेवढ्या वेळात ओठ हलले असणार.
पाणी म्हणाला असेल. किंवा पुरे.
किंवा फोटोवाल्याच्या आईचा उद्धार केला असेल.
तेही शक्य आहे; नगरचा आहे.

फॉर्मवर लिहिलं: ईशान्य कोपरा, ओल.
हत्ती, डावा कान सैल.
काचांसाठी रकाना नव्हता.
शेवटची ओळ कोरी ठेवून वर बघितलं तर
मॉरीन पार दुसऱ्या टोकाला, बाल्कनीखाली,
आवाज न करता तोंड हलवत होती,
आईकडून आलेली सवय.
मला कळेना. तिनं पुन्हा हलवलं, सावकाश,
लहान मुलाला सांगावं तसं.

चहा.

हो, म्हटलं मी,
तसंच, नुसत्या ओठांनी.