क्षार

बरक्याच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्र उकळतो.
वाफ एकीकडे, मीठ एकीकडे.
तरी नळ्यांच्या आत पांढरा पापुद्रा धरतोच,
आधी नखाएवढा, मग रुपयाएवढा जाड,
मग पाण्याचे आकडे घसरतात
आणि कंट्रोल रूममध्ये लाल दिवा लागतो.

माझ्या आतला दिवा कुणाला दिसत नाही.

रात्रपाळी संपवून, पांघरूण डोक्यावरून घेऊन
मी सट्टा लावतो.
कुठल्या ओव्हरला किती, आधी कोण बाद,
कधी तर ज्या गावाचं नाव उच्चारता येत नाही
तिथल्या टेनिसवर.
अंगठा आपोआप जातो,
त्याला माझ्याशी काही घेणं नसल्यासारखा.

एक तारखेला एक्स्चेंजच्या खिडकीशी उभं राहून
जालन्याला फोन: ओव्हरटाइम कापला गं यंदाही.
बायकोचं नाव सुवार्ता.
पाच वर्षं मी तिला खोट्या बातम्या पाठवतोय.

शुक्रवारी बस मस्कतला जाते.
चर्चच्या आवारात मल्याळी उपासना सुटते, तमिळ भरते,
दुपारी तीनला मागचा छोटा हॉल आमचा,
बावीस माणसं, एक तबला, एसीची गळती.
मी रडतो. दर शुक्रवारी.
खोटं नसतं ते रडणं.
पाळक डोक्यावर हात ठेवतात,
परतीच्या बसमध्ये मी हलका,
दोरीवर वाळलेल्या बनियनसारखा.
सीब मागे पडेपर्यंत
अंगठा पुन्हा कामाला.

बापा,
पापाची लाज वाटत होती तोवर ठीक होतं.
आता तेच तेच मागायला येण्याची लाज वाटते,
आणि ती जास्त जड आहे.

शिलोम पाटोळे केमिकलकडे असतात.
संगमनेरचे. बोलणं मोजकं.
एका पहाटे पंपाशी म्हणाले,
"वर्षातून एकदा ॲसिडनं धुतो ना, ते सगळ्यांना दिसतं.
प्लांट त्याच्यावर चालत नाही. हे बघ."
पारदर्शक नळी. त्यात एक थेंब.
थांबून, दुसरा.
"हजार लिटरला दोन-तीन ग्रॅम. ईदलाही, नाताळलाही.
हे थांबलं की क्षार बसलाच."

मी तिथंच त्यांना सगळं सांगून टाकलं.
पंपाच्या घरघरीत अर्धंच पोचलं असेल.
त्यांनी हात पुढं केला:
"फोन."

तेव्हापासून झोपताना माझा फोन
त्यांच्या जेवणाच्या डब्यात असतो.
सकाळी त्याला भेंडीचा वास येतो.

सुवार्ताला सांगितलं
तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग घागरीत धार पडल्याचा आवाज.
"नळ आलाय. नवव्या दिवशी. ठेवते."
दुसऱ्या दिवशी एक ओळ आली:
पावतीचा फोटो टाकत जा.
क्षमा हा शब्द त्यात नव्हता.
मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

एकोणिसाव्या रात्री पडलो.
शिलोमकाका सुट्टीवर, फोन माझ्याच उशाशी,
अकरा रियाल.
पूर्वी शुक्रवारपर्यंत थांबलो असतो,
रडण्यासाठी साठवून.
या वेळी उठलो, मोरीतला दिवा लावला,
उभ्या उभ्या लिहिलं: अकरा रियाल. आत्ताच.
जालन्यात तेव्हा रात्रीचे दीड.
दोन निळ्या खुणा.
मग: बरं. जेवलात का?

प्रभू, मी लाटेची वाट बघत होतो,
एकदाच येईल आणि सगळं घेऊन जाईल अशी.
तू कुठून येतोस ते मला अजून नीट कळलेलं नाही.
थेंबांची टाकी मात्र अर्ध्यावर आली आहे,
पहाटे चारला पुन्हा भरायची.
ती पाळी माझी.