तीन नंबर

नेजदार सिस्टरांनी गाडी टो करून नाही, चालवतच आणली
पन्हाळ्याहून, हळूहळू, काचा खाली करून.
म्हणाल्या, "थंड असताना गप्प असतंय.
ताप चढला की बोलाय लागतंय.
पाय उचलला की जास्तच."
सीपीआरला तीस वर्षं काढलेली बाई,
लक्षण सांगते, रोग सांगत नाही.

अकरा दिवसांमागं हे इंजिन मीच बांधलेलं.
उद्यमनगरात चार जणांना दाखवूनही झालेलं:
बघा, फियाट कशी शिवणयंत्रागत चालतीया.

लांब पेचकस ब्लॉकला टेकवून मूठ कानाला लावली.
टक. टक. टक.
आतून कोणीतरी बोटाच्या पेरानं दार वाजवतंय
आणि उघडायला आपणच हवंय.
प्लगच्या वायरी एकेक काढत गेलो.
एक काढली, वाजतंय.
दोन, वाजतंय.
तीन काढली
आणि आवाज मान खाली घालून बसला.

तेल सोडलं. ट्रे उन्हात धरला.
चकाकी.
वरातीतल्या पोरीच्या गालावर शोभते ती, तेलात नाही.
फिल्टर कापून घड्या उलगडल्या, लोहचुंबक फिरवलं;
त्यानं एक कणही उचलला नाही.
म्हणजे लोखंड नव्हे. म्हणजे बेअरिंग.

चेंबर उतरवला. तीन नंबरची कॅप सोडली.
कल्हई उडालेल्या पातेल्यागत
शेलचं तांबं उघडं पडलेलं.
क्रँकवर नख फिरवलं, अडकलं.
नखाला जे कळतं ते नंतर मायक्रोमीटर फक्त सही करून देतो.

मग मी माणसं मोजली.
शेल विकणारा. तेलवाला.
क्रँक घासून देणारे दस्तगीर मिस्त्री.
सर्वांत शेवटी पिराजी, माझ्या हाताखालचं पोरगं,
कारण तो समोर उभा होता आणि त्याला उलट बोलता येत नव्हतं.

दस्तगीरचाचांनी क्रँक हातात घेतला,
तेलाच्या भोकात तार घातली, फिरवली, ओढली.
तारेला करडा चिखल. त्यांच्याच दगडाचा.
रागावले नाहीत.
"दगड माझा," म्हणाले, "धुणं तुझं."

तेव्हा आठवलं.
पिराजीनं विचारलेलं, "मामा, ह्या भोकातनं पण ब्रश घालू काय?"
मी म्हणालो होतो, "बास की लेका, वरनं धुतलंय न्हवं?"
चार वाजता शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची मॅच होती.
हरलो, वर.

सिस्टरांना फोनवर सांगणार होतो,
शेलचा लॉटच खराब निघाला म्हणून.
त्या स्वतःच आल्या, स्टुलावर बसल्या.
तोंडातून खरं निघून गेलं.
थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "आमच्यात टाके घालायच्या आधी बोळे मोजतात.
मोठ्यानं. डॉक्टर किती का मोठा असेना."

क्रँक दहावरून वीसवर घासला.
भोकं पिराजीनं मोजली, मोठ्यानं.
प्रत्येकात ब्रश, रॉकेल, हवा,
मग बॅटरीचा उजेड, मग माझा डोळा.
जर्नलवर मेणाचा हिरवा धागा ठेवून कॅप आवळली,
परत सोडली. धागा चपटला होता
कागदी पट्टीवरच्या दोन थौच्या रेघेएवढा.
इतकीच जागा लागते तेलाला.
जास्त दिली की वाजतं, कमी दिली की जळतं.
चाळीस वर्षं ह्या फटीवर पोट भरलंय
आणि ती डोळ्यांनी कधी दिसलेली नाही.

स्टार्टर मारायच्या आधी ड्रिलनं पंप फिरवला,
प्रेशरचा काटा उठला, मगच चावी.
अर्धा तास गरम केलं.
सिस्टरांनी पेचकस मागून घेतला, कानाला लावला,
डोळे मिटले.
पिराजीनं श्वास धरला. मीही.

"पैसे?"
"नकोत."
"शेलचे घे," त्या म्हणाल्या. "मजुरी तुझी तुला."

जुना तीन नंबर खिळ्याला टांगलाय, दाराशी.
नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय?
पिराजी माझ्याकडं बघतो.
मी म्हणतो, सांग की.