एकसंध

डाव्या अंडाशयातली गाठ, निरुपद्रवी,
असं हूसाविकच्या डॉक्टरनं सांगितलं होतं
आम्ही जुना ट्रॅक्टर विकला त्या वर्षी.
मी ती पोटात ठेवली,
जशा बाकीच्या गोष्टी ठेवल्या.
आत केस होते. एक दाढ.
ब्यार्त्मार हसला: तूच मेंढी झालीस.

या हिवाळ्यात ती दुखली, वाढली.
रेक्याविकच्या सर्जनबाई म्हणाल्या,
शंभरात एखादीच अशी उलटते.
कळपातही एखादीच असते, मी म्हटलं.

छोट्या भोकातून नको, लांब चीर घेऊ,
फुटली तर आत सांडेल.
हे मला समजलं.
चाळीस वर्षं लोकर कातरतेय मी;
हात चांगला तोच, जो ती अख्खी उतरवतो,
सदऱ्यासारखी,
खाली कातडीला ओरखडा नाही.

मग म्हणे माझं पोट उघडं ठेवून
सगळे पंचवीस मिनिटं थांबले.
खालच्या मजल्यावर अर्नल्योत नावाचा मुलगा
गोठवलेली चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता.
फोन आला.
गर्भाशय गेलं, दुसरं अंडाशय,
आतड्यांवरचा चरबीचा पदर.

केसानं गळा कापतात म्हणतात.
माझा कापायला निघाला
माझाच केस,
कधी न विंचरलेला.

गाठ फुटली नाही.
सप्टेंबरात मेंढ्या डोंगर उतरतील,
तोवर सहा केमो.
कातरीला धार लावून ठेव, मी म्हटलं.
ब्यार्त्मार म्हणाला, तुला वजन उचलायचं नाही.

मेंढी उचलायची नसते.
गुडघ्याला टेकवायची असते.