मुका माज

चरावणे. गावाच्या नावातच चरणं आहे
आणि भागी वरकची केगदी दावणीला उभी,
तिसऱ्यांदा उलटलेली.

मी मोटरसायकलवरून नायट्रोजनचा डबा उतरवतो.
झाकण उघडलं की पांढरा धूर,
पोरं पुढे येतात, मग मागे सरतात.
बावीस वर्षं हेच.
भागी म्हणते, "ह्या खेपेला चांगल्या बैलाचं घाल.
मागची दोन्ही फुकट गेली."
देवाला कौल लावून झालाय,
उजवी पाकळी पडली म्हणे.
म्हणजे उरला दोष तो माझाच.

केगदी कुणाची बाजू घेत नाही.
खालच्या ओठाला फेस,
नजर गोठ्याबाहेर, काजीच्या डोंगराकडे.
दुपारची वेळ, आणि तोंड बंद.
तोंड बंद, हे माझ्या उशिरा लक्षात येतं.

हातमोजा काढून ठेवतो.
आजवर उभा राहिलो तो गाईंच्या मागेच.
आज कुशीला जातो,
डाव्या भकाळीत मूठ रोवतो,
घड्याळ बघतो.

धडधाकट गाईच्या पोटात
मिनिटाला दीड-दोनदा लाट येते,
मूठ उचलते, पुन्हा खाली ठेवते,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी.
एक मिनिट. काही नाही.
दुसरं. काहीतरी हललं,
पण ते रस्त्यावरून गेलेल्या कदंबा बसमुळेही असेल.

शेण काठीने उलटतो.
पातळ, करडं, आंबूस, वर बुडबुडे,
आत मक्याचे दाणे, गेले तसेच परत आलेले.
"काय घालतेस हिला?"
"डेअरीचं पोतं."
"किती?"
"देते दूध, तोवर द्यायचं. मोजायचं काय?"
आणि खालच्या भाटीवरून बोंडूचा चोथा,
कोळंबीत तुडवून रस काढलेला,
टोपलीभर, कधी दोन, फुकट.
"आवडीनं खाते. मग जरा झुलते," भागी हसते.
"आणि पेंढा?"
हसणं थांबतं.
"पेंढा कुठला? यंदा कापणीला मशीन आलं,
भात घेऊन गेलं, पेंढा चिखलात तुडवला.
बेळगावचा ट्रक चोर्ला उतरून येतो,
त्याचा भाव ऐकून गाईनंच दूध आटवावं."

मागच्या दोन्ही खेपांना मी हे विचारलं नव्हतं.
नळी घातली, पावती फाडली,
सही घेतली, पुढचं गाव गाठलं.
पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणारा मी,
गर्भाशयाच्या अलीकडे
चार पोटं आहेत, हे पाठ होतं फक्त.
चघळायला लांब काडी नाही, तर लाळ नाही.
लाळ नाही, तर कोठीपोट आंबतं.
आंबल्या पोटाची गाय माजावर आली तरी
हंबरत नाही, उड्या घेत नाही,
रात्री दोनला, सगळे झोपलेले असताना
येतो आणि जातो तिचा मुका माज.
मग सकाळी आम्ही अंदाजाने जातो.

"आज भरत नाही," मी म्हणतो.
"मग आलास कशाला?"
चोथा बंद, सांगतो. पोतं अर्धं, तेही मापून.
सोडा, खनिजाची पुडी,
आणि डोंगराचं वाळकं गवत, आधी ते, मग बाकीचं.
भागी सुनेकडे वळते:
"गाय गाभण करायला बोलावला,
हा स्वयंपाक सांगतोय."

त्या आठवड्यात सासऱ्यांच्या उडवीतल्या
सहा पेंड्या मी नेऊन टाकल्या.
पावती नाही. तिने चहाही विचारला नाही.

सहाव्या आठवड्यात पहाटे साडेचारला फोन.
"तीन रात्री बसले गोठ्यात.
सोट टाकलाय. काचेच्या तारेसारखा,
बॅटरी मारली की चमकतो."
गाभण राहील की नाही
ते तीन महिन्यांनी हात घातल्यावर कळेल.
मी अंधारात विजार शोधतो, म्हणतो, येतो.
ती फोन ठेवत नाही.
"आणि ऐक. संध्याकाळी मूठ लावून बघितली मी,
तू लावलेली तिथं.
उचलते रे."