भुंगा

तपकीर गल्लीत, दिव्यांच्या माळांच्या दुकानावर,
लाकडी जिना चढलं की रेडिओ मंडळाची खोली.
मंडळ आता नाही. खोली आहे,
आणि खोलीत एकोणचाळीस वह्या,
लाल कापडी पाठीच्या.

ज्याचं अडलं त्याने डावीकडे प्रश्न लिहायचा,
ज्याला ठाऊक त्याने उजवीकडे उत्तर.
नावं नाहीत, नुसते सभासद क्रमांक,
म्हणजे उत्तर देताना कुणी हुद्दा, जात, पेठ बघणार नाही,
असं संस्थापकांचं म्हणणं.
(पेठ अक्षरावरून कळायचीच, असं किराडबाईंचं.)

पहिल्या दिवशी मी 'आवाज' शोधला.
बाई चष्म्यावरून म्हणाल्या,
"रेडिओच्या वहीत आवाज?
मंडईत जाऊन भाजी शोधा की मग."

दुसऱ्या दिवशी 'हमिंग'.
दोनच नोंदी, दोन्ही सभासद २१२ च्या,
दोन्हींखाली एकच उत्तर:
कृपया मराठीत विचारावे.

तिसऱ्या दिवशी 'गुणगुण'.
त्यावर अकरा पानं भांडण,
गुणगुण म्हणावं की घरघर.
रेडिओचं काय झालं, ते कुणीच लिहिलं नाही.

मग बाईंनीच स्टूल ओढलं.
"तुमचा शब्द सोडा आधी.
खडकीहून सायकल हाणत आलेला माणूस,
दमलेला, रात्री आठ वाजता, उभ्या उभ्या लिहितोय.
तो काय म्हणेल? ते शोधा.
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट शोधा.
आणि प्रश्न सापडेना, तर उत्तर शोधा.
प्रश्न माणसं शंभर तऱ्हांनी विचारतात,
कंडेन्सर मात्र कंडेन्सरच असतो.
पावसाळ्याची पानं आधी. ओल धरली की
सगळ्यांचेच रेडिओ रडतात."

तेव्हापासून मी फक्त उजवी पानं वाचली.
जून, जुलै. सोल्डर, व्हॉल्व्ह, बेल्ट, पुन्हा सोल्डर.
एका पानावर चहाचं वर्तुळ,
एकावर कुणीतरी हिशेब केलेला: दूध, घासलेट, आईचं औषध.

वही सतरा, पान एकशे चार. ऑगस्ट एकाहत्तर.
कंडेन्सर गेला आहे. पण तूर्त बदलू नका.

तूर्त?

डावीकडे पाहिलं. सभासद ३४०.
रेडिओत भुंगा शिरला आहे. स्टेशन लागो न लागो, भुणभुण चालू.
अडचण अशी, की मुलगा हल्ली याच आवाजावर झोपतो.
बंद केला की पुष्कळ वेळ रडतो.
काय करावे?

दोनदा वाचलं.
मग वाचणं थांबवून नुसतं बघत राहिलो
त्या 'ळ' कडे: आडवा पडलेला चष्मा,
एक काच मोठी, एक लहान.
माझ्या प्रगतिपुस्तकांवर, सहीच्या आधी,
वर्षानुवर्षं हाच चष्मा.

मी माणूस शोधायला आलोच नव्हतो.
मला दुरुस्ती हवी होती.

उत्तर पुढे अर्ध्या ओळीचंच:
मुलगा मोठा झाला की या.

इतर पानांवर खाली काहीतरी असतंच,
झाले, आभारी आहे, किंवा नाही झाले, तुम्हीच या.
इथे खाली पाच बोटं कोरा कागद.

खिशात कंडेन्सर होता,
खालीच घेतलेला, साठ रुपयांचा.
बाईंनी पेन पुढे केलं.
मी लिहिलं: छप्पन्न पूर्ण झाली. आलो आहे.

बाईंनी वही फिरवून वाचली, जीभ टाळ्याला लावली.
"अहो, असं कसं?
'भुंगा' शब्द घाला त्यात कुठेतरी.
पुढच्याला सापडणार कसं?"

घातला.
अनुस्वार राहिला होता,
तो नंतर दिला.