गोगलगाय

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, बू राशिदच्या दुकानी,
पाणबुड्यांच्या नाकचिमट्यांच्या ताटलीत
पडून होती, सुपारीएवढी.
"मणी आहे. दोन दिनार."

मी उलटी केली.
गोगलगायच, पण पोटात पाय नव्हते.
दोन भोकं. एक जरा मोठं,
गाठ आत दडावी म्हणून.

किमोनोला खिसा नसतो.
दोरी पट्ट्याखालून वर घ्यायची;
खाली लोंबणार तंबाखूची डबी,
वर ही, तिला घसरू न देणारी.
आपल्याला कनवट होती,
चार आणे खोचले की काम झालं.
म्हणून असलं काही घडवायचं राहून गेलं.

फोनवर कुंदाला म्हटलं, लाखेची आहे.
"लाखाची?"
मग दिनारांचे रुपये करून दाखवावे लागले.

खरं तर लाखही नव्हे ती.
कुठल्याशा झाडाचा चीक, थरावर थर,
एक वाळल्याशिवाय दुसरा नाही,
आणि वाळायलासुद्धा त्याला
दमट हवा लागते.

बाहेर ऑगस्ट, दार उघडताच चष्मा आंधळा.
आत एसी, हाडापर्यंत कोरडा.
म्हणून कपाटात, या अकरा जणांपाशी,
मी पाण्याची वाटी ठेवतो.
शुक्रवारी भरतो. गुरुवारपर्यंत
कोण पितं कोण जाणे.

गोदीतली नोकरी मार्चपर्यंत.
येताना काय काय आणणार, कुंदा विचारते.
मी हिला तळव्यावर पालथी धरतो.
दोरी केव्हाच तुटून गेली, कुणाची होती कळत नाही.
मोठ्या भोकाची कड मात्र
एकाच बाजूला झिजलीय,
ओढ होती त्या बाजूला.